पायगुणाला पुरावा नाही

गरोदरपणाच्या चौथ्या महिन्यात तिच्या बोटांनी तह केला. दोन वर्षे सांधेवाताने परीक्षानळीचे झाकण फिरवणेही जिकिरीचे झाले होते. आता ते चुटकीसरशी उघडू लागले. तिला कृतज्ञ वाटे, पण कोणाविषयी, हे कळेना. रोगप्रतिकारक पेशींवर प्रयोग करणाऱ्या तिला कारण ढोबळमानाने ठाऊक होते. सासूबाईंना मात्र ते पुरते ठाऊक होते.

"बाळाचा पायगुण! दुसरं काय?"

तिला याचीच धास्ती होती. हा आजार बाळंतपणानंतर पुष्कळदा उलटतो. आज श्रेय मिळालेल्या बाळाच्याच माथी उद्या खापर फुटायचे.

सासूबाईंची उमेदीची वर्षे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लायनी जोडण्यात गेलेली. एका दुपारी तिने तोच धागा धरला.

"आई, प्रत्येक पेशीत हजारो जनुकं, म्हणजे हजारो लायनी. सगळ्या एकदम चालू नसतात. माझ्या पेशी चुकून माझ्याच सांध्यांवर उठल्या होत्या. गरोदरपणातली हार्मोन्स त्यांच्यातल्या काही लायनी तोडतात, काही जोडतात. म्हणून सध्या शांतता आहे."

"आणि नंतर?"

"हार्मोन्स उतरली की दुखणं परतेल. बहुधा."

"बहुधा काय? नक्की सांग की!"

"नक्की कुणालाच माहीत नाही. हार्मोन्स हे एक कारण. बाकीची अजून शोधतायत."

"आम्ही 'बहुधा लागेल' म्हटलं असतं, तर गिऱ्हाइकानं फोनच डोक्यात घातला असता," म्हणत सासूबाई उठल्या. पालथ्या घड्यावर पाणी, असा निष्कर्ष तिने काढला.

मुलगी झाली. तिसऱ्या महिन्यात बोटे पुन्हा सुजली. नणंद भेटायला आली, तेव्हा त्या बोटांनी बाळाच्या झबल्याचे बटण लागत नव्हते.

"पोर आली ती दुखणं घेऊनच," नणंद म्हणाली.



"जीभ आवर!" सासूबाई लेकीवर कडाडल्या. "हार्मोनचा हुकूम होता तोवर लायनी बंद होत्या. हुकूम उठला, लायनी जुळल्या. पोर काय एक्स्चेंजात कामाला होती?"

"आई, तूच तर पायगुण म्हणायचीस!"

"म्हणायचे. पायगुणाला पुरावा नाही."

"मग आता बरं वाटेल का वहिनीला?"

"डॉक्टरांनी औषध दिलंय. वाटेल." सासूबाईंनी झबले हाती घेऊन बटण लावले. "बहुधा."

सासूबाईंच्या त्या शास्त्रीय मांडणीत निदान दोन दुरुस्त्या आवश्यक होत्या. तिने एकही सुचवली नाही. आभार कोणाचे मानायचे, याविषयी मात्र आता तिला तिळमात्र शंका उरली नव्हती.