खादाड मासा

समुद्रातून आणलेला फुलपाखरू मासा मत्स्यालयात अन्नाला तोंडच लावेना. शेवटी तिथं काम करणाऱ्या थोरल्या सुनेनं त्याच्या टाकीत एक खादाड मासा सोडला. त्याचं बकाबका खाणं बघून या नखरेलानं कसाबसा एक तुकडा गिळला. एवढं करण्यात तिचा अख्खा दिवस गेला.

घरी ताटं वाढताना तिनं हे सासऱ्यांना सांगितलं. सासूबाई गेल्यापासून ते दोन घासांवर उठायचे. आज मात्र तिचाच हात ताटात नुसता पडून राहिला, डोळे मिटू लागले.

समोरून मचमच ऐकून ती दचकली. सासरे गाल फुगवून चावत होते.

“बघतेस काय?” ते खेकसले. “आज मीच तुझा खादाड मासा. गिळ मुकाट्यानं!”