धार तुटता कामा नये

माझी सासू गीता मला अंगाला हात लावू देत नसे, आणि तिला शेवटची आंघोळ घालायचं माझ्याच नशिबी आलं.

आमच्या जपानमधल्या कोबेच्या ज्यू प्रार्थनाघराची रीत अशी, की मेलेल्या बाईला बायकांनीच न्हाऊ घालायचं. पूर्वी या कामाला पुष्कळ बायका होत्या. कुणी इस्रायलला गेली, कुणी अमेरिकेला. उरल्या दोघी, सासू आणि हबीबामावशी. सासू अंथरुणाला खिळली तेव्हा आमचे अध्यक्ष एझ्राकाका यांनी तिच्या उशाशीच विषय काढला.

"गीता, तुझी सून शिझुए शिकेल ना हे काम. धर्म घेतलाय तिनं, रीतसर पाण्यात बुडी मारून."

"बुडी बदकंही मारतात," सासू म्हणाली.

चीनमधल्या हार्बिनहून आलेली बाई ती. धर्मगुरू गेले, नवे आले नाहीत, ते तिनं सोसलं. नोकरदारांसाठी शुक्रवारची प्रार्थना ऑफिस सुटल्यावर ठेवली, तेही सोसलं. प्रार्थनाघरातला बायकांपुढचा पडदा काढला तेव्हा तोंड फुगवून घरी बसली, पण पुढं आली. सगळं गिळलं, फक्त मी घशाखाली उतरले नाही. वीस वर्षं आमच्याकडे जेवायला यायची ती स्वतःचा डबा घेऊन. मला संताप यायचा. अजून येतो.

"मग तुला न्हाऊ कोण घालणार? मावशी एकट्या?" माझा नवरा मोन्या म्हणाला.

"हॉस्पिटलातली नर्स घालेल."

"अगं आई, नर्सही जपानीच असणार!"

"असेना. ती 'मी ज्यू आहे' म्हणून मिरवत नाही."

मी चहा घेऊन दारातच उभी होते. तिनं मला पाहिलं. "ठेव तिथे. गार झाला असेल," म्हणाली, आणि कपाला हात लावला नाही.

ती गेली त्या सकाळी मोन्या माझ्याकडे बघेना. मलाही जायचं नव्हतं. नको म्हणाली होती ना, मग राहू दे तशीच, असं मनात आलं. पण मावशींनी दारात येऊन सरळ सांगितलं, "पाण्याची धार तुटता कामा नये. एकीची बादली संपायच्या आत दुसरीनं ओतायला लागायचं, आणि दुसरीही ज्यूच हवी. येतेस तर ये, नाहीतर मी हिला तशीच गुंडाळते."

गावातल्या कितीतरी बायकांना जिनं न्हाऊ घातलं, ती तशीच मातीत जाणार होती. मी गेले.

मी पाणी कोमट केलं. "मेलेल्याला कसली गं थंडी?" मावशी पुटपुटल्या.

"यांना बाधायची."

 मावशींची बादली तळाला आली तशी मी माझी कलती केली. धार तुटली नाही. वीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्या खांद्याला हात लावला. केवढासा होता तो.

शेवटी मृताची माफी मागायची असते. मावशींनी मागितली. मग मी म्हणाले, "गीता, मोशेची लेक, तुझ्या मनाविरुद्ध हात लावला. माफ कर."

"असं नसतं म्हणायचं. काही चुकलं असेल तर, असं म्हणायचं."

"असेल कसलं, मावशी? मला ठाऊक आहे."

मावशी पांढऱ्या कापडाची गाठ बांधू लागल्या. सासू कधीतरी माझी माफी मागेल म्हणून मी वीस वर्षं वाट बघितली. मागितली ती मीच, आणि ऐकायला ती नव्हती.