वांग्याचा हिरवा

कोर्ट कमिशनर शिंदखेड्याजवळच्या त्या शेतात पोहोचले तेव्हा कपाशीच्या वाळल्या पऱ्हाट्यांच्या जाळावर भरिताची वांगी भाजत होती. रत्ना त्यांच्या मागे उभी होती. तिच्या हातात जळगावच्या आपल्या कारखान्याचं भरीत मसाल्याचं पाकीट होतं, पर्समध्ये रंगमोजणीचा अहवाल. हे पाकीट आणि या शेतातल्या ताईबाईच्या मसाल्याचं पाकीट, दोन्हींच्या हिरव्या रंगात डोळ्याला कळेल असा फरक नाही, असं तिने त्यात लिहिलं होतं. ते खरंच होतं. रसायनशास्त्रात एम.एस्सी. झालेली रत्ना मोजमाप कधी खोटं लिहीत नसे.

तिच्या सासऱ्यांनी, शालिग्राम नानांनी, त्या अहवालाच्या आधारावर दावा लावला होता: ताईबाईने आमच्या पाकिटाचा रंग उचलला. पुढच्या तारखेपर्यंत तिचा माल सील करायचा हुकूम मिळाला. तारीख मार्चमधली होती. तोवर भरिताचा हंगाम संपणार आणि ताईबाईचं वर्ष वाया जाणार.

कमिशनरांनी हुकूम वाचला. ताईबाई जाळापासून उठली, पदराला हात पुसत म्हणाली, "शेडमा शे बठ्ठा माल. चला."

तिचे सासरे चिंधा आबा मात्र बसूनच होते. "पहिले जेवा. कोर्टनं काम कोर्ट करी, भरीत थंडं व्हई जाई."

"मी ड्युटीवर आहे, आबा."

"आन् ह्या ताई? ह्या बी ड्युटीवर का?"

कमिशनर एकटेच शेडकडे गेले. रत्ना बसली. भरिताच्या जाळाशी आलेल्याने न जेवता उठायचं नसतं, हे ती माहेरी, रावेरला, लहानपणीच शिकली होती. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी वाढताना ताईबाईचं लक्ष तिच्या मांडीवरच्या पाकिटाकडे गेलं.

"नानासना घरन्या का तुम्ही?"

"सून."

"मंग जास्त वाढस," ताईबाई हसली. "भांडाले ताकद पाहिजे." मग सहज म्हणाली, "तुम्हनं पाकीट पहिले जांभयं व्हतं ना? आम्हनं देखीसन हिरवं करं का?"

रत्नाने घास तसाच धरला. पहिलं पाकीट जांभळंच होतं. चित्रकार मुंबईचा, त्याने जांभळं वांगं काढलं. बोदवडच्या बाजारात लोक हसले, इकडे भरिताचं वांगं हिरवं, हे कुठलं वांगं म्हणून. मग पाकीट हिरवं झालं. प्रिंटरकडे नमुना पाठवताना नानांच्या टेबलावर कुणाचंतरी हिरवं पाकीट होतं. कुणाचं, हे तिने विचारलं नव्हतं.

"मी तं प्रिंटरले वावरनं वांगंच दिधं," ताईबाई म्हणाली. "सांगं, हाऊच रंग पाहिजे."

शेडमधून कमिशनरांची हाक आली, तशी रत्ना उठून आत गेली. तिच्या बोटांना लसणाचा वास होता.

"मॅडम, नीट बघा. रंग सारखाच ना?"

"हो."

कुणाचा आधी, हे कमिशनरांनी विचारलं नाही, आणि ती बोलली नाही. खोक्यांवर सीलची लाख टपकत राहिली. ताईबाई दारात उभी राहून बघत होती. तिने ते "हो" ऐकलं होतं.

निघताना ताईबाईने रत्नाच्या पिशवीत वांगी घातली, वर जाळाजवळचं मसाल्याचं अर्धं पाकीट. "रिकामा हाते नका जावा. हाई फोडेल शे, येले सील लागाव नही."

रत्नाला तिच्याकडे वर बघता आलं नाही.

संध्याकाळी घरी नाना भरीत आवडीने खात होते. "वांगी कुठली गं?"

"ताईबाईंच्या वावरातली."

नानांचा हात थांबला. "मसाला तरी आपला ना?"

"नाही. तोही त्यांचाच."

उरलेलं एक वांगं तिने दोन्ही पाकिटांच्या मधे ठेवलं. "नाना, नवा अहवाल द्यायचाय. वांग्याची मोजणी, आणि आपलं पाकीट जांभळ्याचं हिरवं कधी झालं ते. उद्या वकिलांकडे जाते."

"कोर्टाने विचारलंय का तुला?"

"नाही."

"मग?"

"ताईबाईंनी विचारलं. जेवताना. मी गप्प बसले."

ताट बाजूला सरकवणं नानांना जमेना. मान खाली घालून त्यांनी उरलेलं भरीत संपवलं.