उलटवलेली कॉलर

शर्टाची कॉलर झिजली की शिंपी ती उसवतो, उलटी करतो आणि पुन्हा शिवतो. झिजलेली बाजू खाली दडते, शर्ट आणखी दोनेक वर्षं चालतो. मात्र हे एकदाच करता येतं; कॉलरीला तिसरी बाजू नसते. आपल्या शिंपीबुवांचं सगळं अर्थशास्त्र एवढंच. कॉलरी जास्त आल्या की दिवस वाईट, कमी आल्या की बरे.

यंदा एकही आली नाही. बुवांनी निदान ठोकलं: लोकांकडे आता कॉलर उलटवण्यापुरतेही पैसे उरले नाहीत! स्वतःच्या अकलेवर माणूस इतका खूश असला की त्याला समजावणार कोण?

मुलगी होती ना. राजधानीत, सांख्यिकी खात्यात. आई गेल्यापासून दर रविवारी फोनवर तिचं एकच पालुपद, "बाबा, दुकान बंद करा आणि इकडे या."

"अगं, एवढ्या हलाखीत लोकांना सोडून येऊ?"

"कसली हलाखी? तुमच्या भागातली गरिबी निम्म्यानं कमी झालीय. पाहणीचे आकडे आहेत माझ्यासमोर."

"चुलीत घाल तुझे आकडे. मी डोळ्यांनी बघतोय इथे."

आणि तावातावाने बुवा खरंच बघायला निघाले. संध्याकाळी बसथांब्यावर बसून कामावरून सुटलेल्यांच्या माना न्याहाळू लागले. एकाने तर मानेवर काही चढलंय की काय म्हणून रुमालाने झटकूनही घेतलं. पण कॉलरी सगळ्या नव्या, कडक, तयार कपड्यांच्या. तेवढ्यात जुनं गिऱ्हाईक असलेले मास्तर दिसले.

"काय मास्तर, दुकानाकडे फिरकला नाहीत?"

"हल्ली तयारच घेतो हो. विरला की दुसरा." मग जरा ओशाळून, "तुमचं दुकान अजून चालू आहे होय?"

बुवा दुकानात परतले. लोक सुखात आहेत, यात वाईट वाटण्यासारखं काय होतं? तरी त्यांना रडू आवरेना. सगळेच गरीब झालेत असं मानलं होतं, तेव्हा निदान एकटं वाटत नव्हतं.

समोर गिऱ्हाइकांसाठी लावलेला आरसा होता. अंगातल्या शर्टाची कॉलर त्यांनी बायको असतानाच उलटवली होती. आता तीही बाजू विरून दोरे लोंबत होते.

त्यांनी फोन लावला. "तुझा आकडा बरोबर आहे, पोरी."

"मग कधी येताय?" ती केवढी आनंदली.

बुवांनी रिकाम्या दुकानावरून नजर फिरवली. "येतो गं. एक गिऱ्हाईक आलंय कॉलर उलटवायला. तेवढं काम झालं की निघतोच."