तळव्यांची तपासणी

"हात पुढे कर. पालथे नाही गं, तळवे दाखव."

पोपटीणने तळवे पुढे केले. नखं सदा पोपटी रंगवायची आणि तोंडाचा पट्टा कधी थांबायचा नाही, म्हणून कारखान्यात तिचं नाव पोपटीण. "बघा ताई, काल नखं पार मुळापासून छाटली. नवरा म्हणतो, आता भांडताना मला ओरबाडशील कशाने?"

रांगेतल्या बायका फिसकन हसल्या. ताई हसली नाही. तिने ते हात हातात घेतले नाहीत, लांबूनच पाहिले. लोण्यासारखे मऊ. असल्या हाताला अडकून रेशमाचा धागा ओढला जात नाही, हे ताईला पक्कं ठाऊक होतं.

"काय, ताई?" मागून धाकट्या मालकांनी विचारलं.

"एका नखाला कोपरा राहिलाय," ताई म्हणाली.

कोपरा राहिला नव्हता.

पोपटीण बघतच राहिली. मग नखाकडे वाकून कोपरा शोधायला लागली. ताईने सांगितलंय म्हणजे असणारच, असा तिचा चेहरा. त्याच सकाळी तिला तपासणीच्या टेबलावरून काढून कात्रणं झाडायला लावलं.

तो कारखाना रेशमी स्कार्फचा. विणून आलेलं कापड काचेच्या टेबलावर पसरायचं, काचेखाली ट्यूबलाइट, आणि उघड्या तळव्याने हळूहळू चाचपत जायचं. हातमोजे घातले तर गाठ हाताला लागत नाही. ताईचं सगळं आयुष्य त्या काचेवर गेलं. मोठे मालक पाहुण्यांना सांगत, "डोळ्यांना चुकेल ते आमच्या ताईच्या हाताला सापडतं." नवऱ्याने कधी कौतुक केलं नाही, पोरांना वेळ नव्हता, बाईने साठवून ठेवावं असं तेवढं एकच वाक्य.

आणि आता मालावर माल परत येत होता. धागे ओढलेले, कापडावर बारीक चुण्या. धाकट्या मालकांनी ठरवलं, नव्या पोरींची नखं. आणि नखं तपासायला नेमलं कोणाला? ताईला. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात त्या अशा.

चोर कोण ते तिला कळलं होतं. एका दुपारी निळ्या कापडावर तळवा फिरवताना बोटाखाली बारीक कुरकुर झाली. बोट उचललं तर धागाही बोटाबरोबर उठला. बोटांची टोकं पानगळीतल्या पानासारखी सुकलेली, भेगाळलेली. पाळी लांबत लांबत बंद व्हायला आली तसं सगळं अंगच फितूर झालं होतं. मध्येच आतून भट्टी पेटायची, मानेवरून घाम ओघळायचा. पोटऱ्यांना खाज. हनुवटीवर पुटकुळ्या, या वयात! आणि त्या निळ्या कापडावर आता ओढलेला धागा दिसत होता. तिने ते कापड गुपचूप घडी करून पोपटीणच्या ढिगात सरकवलं.

हो, सरकवलं. त्यानंतर बिघडलेलीही तिथेच गेली. गरीब बाई चांगलीच असते, असं ज्यांना वाटतं त्यांनी वाटून घ्यावं.

घरी तरी काय होतं? नवऱ्याने पाठ पुढे केली आणि म्हणाला, "नखं लावूच नकोस. नुसता तळवा फिरव, मस्त खाजवलं जातं." तो खो खो हसला. तीही हसली. मग न्हाणीघरात जाऊन कढत पाण्याने हात खसाखसा घासत बसली, घासून घासून जुने हात सापडतील म्हणून.

क्रीमही लावून पाहिलं. सकाळी चोपडलं आणि कामावर गेली, तर पांढऱ्या कापडावर पाची बोटं तेलकट उमटली. कोरडे ठेवावेत तर धागा निघतो, ओले ठेवावेत तर डाग पडतो.

पोपटीणला हलवलं त्या संध्याकाळी ताई दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईंपुढे हात पदराखाली धरून बसली.

"दाखवा की. मी काही खाणार नाही."

दाखवले. बाईंनी नाक मुरडलं नाही, हेच तिला सहन होईना. डोळे भरून आले.

"अहो, हे वयाचं आहे. पाळी जाताना शरीरातलं एक द्रव्य उतरतं, कातडीचा ओलावा उतरतो. घाम, झोपमोड, चिडचिड, सगळं एकाच गाठोड्यातलं. कढत पाणी बंद. साबण सौम्य. झोपताना बिनवासाचं जाड मलम लावायचं आणि वर सुती मोजे. घामाचा फारच त्रास असेल तर तपासून औषधंही देता येतात. इतके दिवस का नाही आलात?"

"हे काय सांगायचं असतं का, बाई?"

"दात दुखला तर सांगता ना?"

ताई हळूच म्हणाली, "हात पहिल्यासारखे होतील?"

"बरेच सुधारतील. पहिल्यासारखे होतीलच, असं खोटं नाही सांगणार."

दुसऱ्या दिवशी मोजे घालून झोपलेले हात जरा नरमले होते, पण कापडाला अजून अडकत होते. आणि धाकट्या मालकांनी पोपटीणला सगळ्यांसमोर उभं केलं होतं. "कालपर्यंतच्या तुझ्या ढिगात अजून तीन खराब निघाले. उद्यापासून यायचं नाही."

पोपटीणची बडबड पहिल्यांदाच बंद होती. ती फक्त म्हणाली, "ताईंना विचारा हवं तर. मी नीट काम करते की नाही, ताई सांगतील."

ताईच्या अंगात तीच भट्टी पेटली. घाम कानामागून ओघळला. शेजारची शिलाईवाली वहिनी कुजबुजली, "गप्प बसा हो. हात दाखवून अवलक्षण कशाला?" म्हणजे हिला माहीत होतं! किती जणींना माहीत होतं?

ताई पुढे झाली. काचेवर दोन्ही तळवे उताणे ठेवले. खालच्या उजेडात एकूण एक भेग दिसत होती.

"धागे माझ्या हाताने निघालेत. तिच्या ढिगात मीच सरकवले. माझी पाळी जातेय, कातडी फुटलीय, डॉक्टरीणबाईंनी मलम सांगितलंय. हिच्या नखाला कोपरा नव्हता. मी खोटं बोलले."

धाकट्या मालकांचे कान लाल झाले. खोटेपणाबद्दल एक शब्द नाही, म्हणाले, "असलं चारचौघांत काय बोलता, ताई?" आणि ताईने हात उचलताच खिशातला रुमाल काढून त्यांनी ती काच पुसली.

पोपटीण टेबलावर परत गेली. जाताना ताईकडे बघितलं नाही. बरोबरच केलं तिने.

ताईला खोकी भरायला पाठवलं, मागच्या खोलीत. पुठ्ठ्याला धागा नसतो. ती खोकी घडवत होती, चिकटपट्टी लावत होती, आणि एकटी असूनही तिची मान वर होत नव्हती.

जेवणाच्या सुट्टीत दारात शिलाईवाली वहिनी उभी राहिली. आत येईना, जाईना. शेवटी खाली बघत म्हणाली, "ताई, ते मलम... कुठलं सांगितलं? आणि तुम्हाला पण रात्री... म्हणजे उशी भिजते का हो?"

ताईने शेजारचं भरलेलं खोकं सरकवून जागा केली.

"दार लावू नकोस," ती म्हणाली. "बस."