वरवंट्याचं माप

पिशवीतून वरवंटा काढून मी जगनच्या रंध्याशेजारी ठेवला, तेव्हा तो हातातलं काम थांबवून माझ्याकडे बघतच राहिला.

“ह्यो कशाला आनला, वैनी? मसाला वाटायचा हाय का हितं?”

“हे माप आहे,” मी म्हटलं. “कठड्याच्या दांड्यांमधून हा जाता कामा नये. ढकलला तरी नाही, वळवला तरी नाही.”

“पोराच्या पलंगाला वरवंट्याचं माप?”

“हो. आणि चौथी बाजू उघडी ठेवायची. त्या बाजूने तो आमच्या पलंगाला चिकटेल. दोन्ही गाद्या एका पातळीत, वरून लोखंडी आकडे. मधे फट दिसली तर परत आणून टाकीन तुझ्या दारात.”

जगन सुतार जवळच्या कोन गावचा. आमच्या घराची दारं-खिडक्या त्यानेच केलेली, त्यामुळे माझ्या तोंडाची त्याला सवय होती. त्याने वरवंटा दोन दांड्यांमधे धरून बघितला, पेन्सिलीने खूण केली.

“व्हईल. पन रंग कंचा देऊ?”

“रंग नको. पोर चाटतं. नुसता घासून गुळगुळीत कर. पाय रुंद ठेव, कुणाचा धक्का लागला तरी हलता कामा नये. चाकंबिकं तर मुळीच नकोत.”

माझी मुलगी ऋचा पहिल्या बाळंतपणाला पुण्याहून पनवेलला आली होती आणि तिचे दिवस भरत आले होते. आदल्या रविवारी मी यांना घेऊन बाजारात जाऊन आले होते. दुकानात नळीचे नवे पाळणे आले होते. वर जाळीची छत्री, खाली चाकं, रंग मोरपिशी. दुकानदार एका बोटाने झोका देऊन दाखवत होता. यांना लगेच आवडला. मी वरचा आकडा अंगठ्याने दाबला तर तो उघडला. गादी दाबली तर हात मनगटापर्यंत आत गेला.

“पोर पालथं पडलं तर श्वास कुठून घेईल यात?” मी विचारलं.

“मावशी, सगळं पनवेल हाच नेतं,” दुकानदार म्हणाला.

मी म्हटलं, सगळं पनवेल काय करतं ते मला चांगलं ठाऊक आहे. हे लगेच स्वतःच्या चपलांकडे बघू लागले. अशा वेळी चपलांकडे बघण्यात प्रभाकररावांचा हात कुणी धरणार नाही. आमचा संसार सगळा त्या चपलांकडे बघण्यातच गेला.

सांगूनच टाकते. ऋचाच्या आधी मला मुलगा झाला होता. अवधूत. मला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथेच सासरी झालं. बारसं झालं आणि सासूबाईंनी त्याला माझ्याजवळून उचलला. म्हणाल्या, बाळंतिणीला झोपेची शुद्ध नसते, पोर अंगाखाली जातं, ते पाळण्यातच निजलं पाहिजे. पाळणा माजघरात टांगलेला, मी आतल्या खोलीत. मधे भिंत. तो रडला की मी हाक मारायची आणि कुणीतरी त्याला पाजायला आणून द्यायचं. हात लांब केला तर माझ्या हाताला भिंत लागायची.

एका दुपारी मला ताप भरला होता. काढा घेऊन ग्लानी आली. जाग आली ती सासूबाईंच्या हंबरड्याने. अवधूत माझ्या कुशीत होता आणि गार पडला होता. “अंगाखाली घेतलंस गं त्याला,” त्या म्हणत होत्या, आणि दारात आळीतल्या बायका जमायला लागल्या होत्या.

मी त्याला कुशीत घेतलाच नव्हता. त्याच्या मानेवर दोन्ही बाजूंनी दोन सरळ वळ होते. बाईच्या अंगाला काय दांड्या असतात? मी तेच ओरडून विचारत होते. तापात बरळते आहे, असं ठरलं. पाळण्याची दोरी ओढायला माझी नणंद बसवलेली होती, कुमुद. तिने त्या दिवशी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढेही कधी सरळ पाहिलं नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. माझं कोण ऐकणार?

पुढच्या वर्षी शेजारच्या कमळाबाईंना मुलगा झाला. बघायला गेले आणि हात पुढे केले, तर त्यांनी पोराला पदराआड घेतलं. “नको बाय, तो निजलाय.” पोर टक्क जागं होतं. त्या दिवसापासून या आळीत कुणी मला तान्हं मूल हातात दिलं नाही. हळदीकुंकवाला बोलवायच्या, साडीचं कौतुक करायच्या, मूल तेवढं दुसऱ्या खोलीत न्यायच्या. ऋचा झाली तेव्हा मी तिला पदराने पोटाशी बांधली आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपले. सासूबाई काय वाट्टेल ते बोलल्या. बोलू दे म्हटलं.

पुढे मला टेलिफोन एक्स्चेंजमधे नोकरी लागली. लोकांची बोलणी कानाने ऐकायची आणि आपलं तोंड बंद ठेवायचं, हे काम मी इमानेइतबारे केलं. पण विसरले काही नाही. सासूबाई तर सुटल्या, भिंतीवर चंदनाचा हार घालून बसल्या. पाळणा कुमुदवन्संकडे उरणला गेला. आणि मी एक गोष्ट बघून ठेवली होती. वन्संना दोन मुलं झाली, दोन्ही साडीच्या झोळीत वाढली. घरात पोपट-मोर कोरलेला घराण्याचा सागवानी पाळणा असताना बाईने आपलं एकही मूल त्यात निजवलं नाही.

ऋचाला मुलगी झाली, सुखरूप. जगनने पलंग वेळेवर आणून दिला. मी वरवंटा घेऊन प्रत्येक फटीला लावून पाहिला. कुठेच गेला नाही. पिंजाऱ्याकडून घट्ट गादी भरून आणली होती, उशी नाहीच. ऋचाला टाके होते, उठताना जीव जायचा. आता ती पडल्या पडल्या हात लांब करायची आणि हात पोरीच्या पोटावर पडायचा. पोर कुरकुरली की तिला नुसती ओढून जवळ घ्यायची, पाजायची, परत सरकवायची.

“आई, हे तुला सुचलं तरी कसं?” ती एकदा म्हणाली.

“सुचलं,” मी म्हटलं. तिला त्या अवस्थेत काय सांगायचं?

त्याच दिवशी मी उरणला फोन लावला.

“वन्सं, बारशाला घराण्याचा पाळणा पाठवा.”

“अहो वहिनी, जुना झालाय तो. वाळवीबिळवी लागली असेल.”

“सागवान आहे. सासूबाई म्हणायच्या ना, पिढ्यान्‌पिढ्या टिकेल.”

“पण तुम्ही नवीन करून घेतलात म्हणे.”

“तो झोपायला. हा बारशाला. पुण्याची मंडळी येणार आहेत, घराण्याचा मान आहे. का, पाठवायला काही अडचण आहे का?”

अडचण काय ते सांगता येत नव्हतं, हीच तर त्यांची अडचण होती. मी रिसीव्हर ठेवला आणि कित्येक वर्षांनी मला कडकडून भूक लागली.

बारशाच्या दिवशी टेंपोतून पाळणा आला, मागोमाग वन्सं आल्या. जाड झाल्या होत्या, धापा टाकत होत्या. मी त्यांना पाटावर बसवलं, सरबत दिलं, कौतुकाने विचारपूस केली. पाळणा माजघरात त्याच कड्यांना टांगला, समोर भिंतीवर सासूबाईंची तसबीर. त्यात अंथरायला मी सासूबाईंचंच रेशमी लुगडं काढलं होतं. रेशीम किती निसटतं ते काय कुणाला सांगायला हवं?

आळीतल्या बायका जमल्या. कमळाबाई नातवाला घेऊन आल्या, दोन-अडीच महिन्यांचा असेल, आणि नेहमीप्रमाणे माझ्यापासून लांब, खिडकीखाली बसल्या. पुरुष मंडळी बाहेर ओसरीवर. ऋचा बाळाला घेऊन बसली.

बाळाला पाळण्यात घालायच्या आधी आमच्यात वरवंट्याला घालतात. त्याला कुंची घालायची, काजळ-कुंकू लावायचं, पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. मग त्या गोप्याला, म्हणजे सजवलेल्या वरवंट्याला, पाळण्यात ठेवून झोका द्यायचा. वरवंटा तोच होता, कोनला जाऊन आलेला. त्याच्या अंगातली कुंची जुनी होती, पिवळी पडलेली. अवधूतची. मी ती ट्रंकेच्या तळाशी ठेवली होती. नाडी मानेशी घट्ट आवळून बांधली होती.

बायकांनी हसत-खिदळत गोप्या खालून-वरून फिरवला. फिरून तो माझ्या हातात आला. मी तो वन्संसमोर धरला.

“वन्सं, घराण्याच्या लेकीचा मान. तुम्ही ठेवा. आणि दोरीही तुम्हीच ओढा. तुमच्या हाताला सवय आहे.”

त्यांनी कुंची ओळखली. पण भोवती एवढ्या बायका, नाही कसं म्हणणार? गोप्या त्यांनी पाळण्यात ठेवला. दोरी धरली.

“जोरात ओढा की,” मी म्हटलं. “तेव्हा काय अशी हळू ओढायचात?”

एक झोका गेला. दुसरा गेला. तिसऱ्याला वरवंटा रेशमावरून सरकला, पायाकडच्या दोन दांड्यांमधून सरळ बाहेर आला आणि कुंचीची टोपी आत अडकून तिथेच लोंबकळत राहिला. झोका थांबला तरी तो थोडा वेळ हलत होता.

बायकांचं हसणं थांबलं. खिडकीखाली कुणीतरी “अगो बाय माजे” म्हणालं, हळूच.

“असाच ना?” मी विचारलं. माझा आवाज जरासुद्धा चढला नाही, मलाच नवल वाटलं. “वन्सं, आता तो काढा. आणि आतल्या खोलीत माझ्या अंथरुणावर आणून ठेवा. तेव्हा ठेवला होतात तसा.”

वन्संच्या हातातून दोरी सुटली. त्यांनी पदर तोंडाला लावला. एवढी वर्षं मी गप्प होते, आणखी थोडं काय?

“कासार आला होता दारात,” त्या म्हणाल्या. “मी बांगड्या भरायला गेले, वहिनी. परत आले तर तो असाच... मी आईला हाक मारली. आई म्हणाली, तुझं लग्न व्हायचंय, कळलं तर कोण करील तुला. म्हणाली, हिला काय, हिला दुसरं होईल.”

“मोठ्याने सांगा. कमळाबाईंना ऐकू गेलं नसेल.”

“वहिनी, मी अठरा वर्षांची होते हो.”

“मी एकोणीस वर्षांची होते,” मी म्हटलं. “मोठ्याने.”

त्यांनी मोठ्याने सांगितलं. तुमच्या अंगाखाली तो गेला नव्हता, वहिनी, पाळण्यात गेला होता. सगळ्यांसमोर, आईच्या तसबिरीसमोर सांगितलं आणि मग भिंतीला धरून खाली बसल्या आणि रडल्या. ती रडेल तेव्हा मला गार वाटेल, असं मला वर्षानुवर्षं वाटत आलं होतं. वाटलं. खोटं कशाला बोलू? चांगलं गार वाटलं.

दारात हे येऊन उभे होते. कधी आले कोण जाणे. मी त्यांच्याकडे पाहिलं तेव्हा पहिल्यांदाच ते चपलांकडे बघत नव्हते, अनवाणी होते आणि माझ्याकडे बघत होते. ऋचाने पोरीला छातीशी घट्ट धरलं होतं आणि तिच्या डोळ्यांतून नुसतं पाणी वाहत होतं.

“तू हिला आत घेऊन जा,” मी तिला सांगितलं. “तुझ्याजवळ निजव. नाव तिथेच ठेवू.”

गोप्या तसाच लोंबकळत होता. त्याला हात लावायला कुणी धजेना. शेवटी मीच पुढे झाले. कुंचीची टोपी दांड्यांतून सोडवायला वेळ लागला, नाडीची गाठ अडकली होती. दगड जड असतो, पण मी त्याच्या मानेखाली हात घातला. दुसरा हात खाली. तसाच उचलतात. छातीशी धरून मी त्या बायकांत उभी राहिले, आणि आता पुढे काय करायचं ते मला कळेना. एवढाच बेत मी करून ठेवला होता, याच्या पुढचा नव्हता.

खिडकीखालून कमळाबाई उठल्या. त्यांचे गुडघे दुखतात, उठायला त्यांना भिंत लागते. नातवाला खांद्यावरून उतरवत त्या माझ्यासमोर येऊन थांबल्या. पोर जागं होतं, माझ्या कुंकवाकडे टुकूटुकू बघत होतं.

“आमी आंधली व्हतो बाय,” त्या म्हणाल्या. त्यांनी पोर माझ्यापुढे धरलं. “घे.”

माझ्या दोन्ही हातांत वरवंटा होता. तो खाली ठेवायला मला जरा वेळ लागला.