माझ्या नावाचा किडा

माझ्या नावाचा किडा रद्द होणार आहे, हे घरात सगळ्यांत शेवटी मला कळलं. आधी आमच्या ह्यांना कळलं, मग ह्यांनी आपल्या बहिणीला सांगितलं, आणि जिचं नाव जाणार ती बाई मात्र नवऱ्याला कोणता रोग झाला असेल याचा जिवाला घोर लावून बसली होती.

किड्याचं आधी सांगते. हे समुद्रातल्या केसाळ किड्यांचे तज्ज्ञ. लांबट अंग, त्याला आडव्या वळ्या, आणि प्रत्येक वळीच्या दोन्ही बाजूंना राठ केसांचे झुबके. किडा म्हटलेलं ह्यांना खपत नाही, कृमी म्हण म्हणतात. कृमी म्हटलं की मला लहान मुलांना देतात त्या गोळ्या आठवतात, म्हणून मी किडाच म्हणते. तर आमचं लग्न झालं त्या वर्षी ह्यांना एक नवीन किडा सापडला. जो पहिल्यांदा वर्णन छापतो त्याने नाव ठेवायचं, असा त्यांच्यात रिवाज. आधी घराण्याचं नाव आणि मग त्याचं स्वतःचं, आपण अर्जावर आडनाव आधी लिहितो तसं. माहेरी मला छबी म्हणत. ह्यांनी त्याला एक लॅटिन शेपूट जोडलं आणि किड्याचं नाव ठेवलं ‘छबीए’. लग्नाच्या पहिल्या वाढदिवसाला ह्या गृहस्थांनी बायकोला ही भेट दिली.

त्या दिवशी मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. लोक गुलाबाला बायकोचं नाव देतात, होडीला देतात. माझ्या वाट्याला समुद्रातलं केसाळ ध्यान आलं. नणंदेला आयुष्यभराचा विषय मिळाला. अजूनही फोन उचलला की तिचा पहिला प्रश्न, “वहिनी, तुझा किडा काय म्हणतो?” सुरुवातीला हे म्हणायचे, एकदा ये, मायक्रोस्कोपखाली दाखवतो. मी गेले नाही. एकदा नाही म्हटलं की नाही, असा माझा स्वभाव. पुढे त्यांनी विचारणं सोडून दिलं.

आणि गेल्या महिन्यात हे अचानक चांगले वागायला लागले.

ओला टॉवेल पलंगावर फेकणारा माणूस तो दोरीवर वाळत घालू लागला, तोही झटकून. जेवताना शेवटचा घास माझ्याकडे सरकवू लागला. झोपायच्या खोलीला मला हिरवा रंग हवा होता आणि ह्यांना पांढरा, यावर आमचं इतकी वर्षं वाजत होतं. एका सकाळी दाढी करता करता हे म्हणाले, “हिरवाच लावू. तू म्हणतेस तर बरोबरच असेल.” माझ्या मनात पाल चुकचुकली. उभा जन्म हट्टात घालवलेला माणूस असा एका रात्रीत शहाणा होत नाही.

“डॉक्टरांकडे गेला होतात का?” मी विचारलं.

“नाही. का गं?”

“कसली तपासणी वगैरे?”

“कसली तपासणी?”

“मला काय विचारता? तुम्ही सांगा.”

ताकास तूर लागू देईनात. मी त्यांच्या कोटाचे खिसे तपासले. एक बारीक चिमटा, एक रंगवायचा ब्रश आणि बसची चुरगळलेली तिकिटं निघाली. त्यावरून काय समजायचं? वजन कमी झालं म्हणावं तर पोट जागच्या जागी. दुसरी कोणी बाई म्हणावी, तर जो माणूस स्वतःच्या शर्टाची बटणं वरखाली लावतो त्याच्याकडे बघायला कोण रिकामी आहे? डोकं चालेनासं झालं. मी सरळ नणंदेला फोन लावला.

“तुझ्या भावाला झालंय काय?”

ती हळूच म्हणाली, “वहिनी, ते तू त्यालाच विचार. मला नको मध्ये घेऊस.” आणि फोन ठेवला. किड्याची चौकशी न करता. जिने आईच्या आजारपणातही किड्याला सोडलं नव्हतं तिने आज सोडलं, म्हणजे प्रकरण हाताबाहेर गेलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी मी ह्यांच्या प्रयोगशाळेत गेले. लग्नानंतर पहिल्यांदाच. संग्रहालयाच्या मागच्या अंगाला एक लांबुळकी खोली, छतापर्यंत फळ्या, फळ्यांवर बाटल्या, बाटल्यांत किडे आणि सगळीकडे स्पिरिटचा वास. हे मायक्रोस्कोपवर ओणवे झाले होते. बाजूला लाल चिठ्ठी लावलेली एक रिकामी बाटली होती. मला बघून इतके दचकले की कोपराने ती आडवी केली.

“किती दिवस उरलेत, ते एकदाचं सांगून टाका,” मी म्हटलं.

“तुला कोणी सांगितलं?” हे पांढरे पडले. “महिनाअखेरपर्यंत.”

स्टूल होतं म्हणून बसले. “काय झालंय तुम्हाला?”

“मला? मला काय व्हायचंय? छबीए जातंय.”

मला वाटलं, आजार मेंदूपर्यंत पोचला.

मग त्यांनी खाली मान घालून सगळं सांगितलं. लांबच्या कुठल्याशा किनाऱ्यावर एक तरुण मुलगी आहे, तीही किड्यांचीच. तिने चिखलातला एक अगदी साधा, फार पूर्वीच नाव पडलेला किडा टाकीत पाळला. दोन वर्षं ती त्याच्याकडे बघत बसली. वीण करायची वेळ आली तसा तो पालटायला लागला. डोळे चौपट मोठे झाले, मागच्या अर्ध्या अंगावरच्या केसांची वल्ही झाली, आणि जन्मभर चिखलात राहिलेला तो प्राणी पाण्याच्या वर येऊन पोहू लागला. तो हुबेहूब छबीए होता. म्हणजे ह्यांनी जो नवीन म्हणून जाहीर केला तो जुनाच, फक्त ऐन भरात आलेला. आणि एकाच जिवाला दोन नावं पडली तर आधीचं नाव राहतं.

“आधीचं काय आहे?”

“त्याचा अर्थ... चिखल्या,” हे म्हणाले.

“तुम्हाला हे कळलं नव्हतं? एवढे तज्ज्ञ तुम्ही.”

“असं रूप पालटतं हे माहीत होतं. पण तोंडातून बाहेर येते त्या सोंडेवरचे दाणे मला वेगळे वाटले. नमुना एकच होता. अजून चार मिळेपर्यंत थांबायला हवं होतं.” ते चष्मा पुसत राहिले. “पण आपल्या लग्नाचा वाढदिवस जवळ आला होता.”

ह्यांना काही झालेलं नाही म्हणून जीव भांड्यात पडला होता, ते खरं. पण त्याच्या मागोमाग राग आला, आणि रागाच्या मागे दुसरंच काहीतरी. जे नाव मला कधी नको होतं ते आता जाणार म्हणून मला वाईट वाटत होतं. चांगलंच वाईट वाटत होतं. हे कुठलं शहाणपण?

“तिचा लेख छापण्याआधी मतासाठी माझ्याकडेच आलाय, महिनाअखेरपर्यंत कळवायचंय,” हे म्हणाले. “आणखी पुरावे हवेत, असं लिहिलं तर दोन-तीन वर्षं सहज जातील. मी निवृत्त होईन. मग काय व्हायचं ते होवो.”

“मग लिहा तसं,” मी म्हटलं.

त्यांनी मान हलवली आणि कागद पुढे ओढला. इतक्या मुकाट्याने ओढला की मला ते बघवेना.

“थांबा. आधी मला दाखवा ती, माझ्या नावाची.”

लाल चिठ्ठीच्या बाटलीतून काढलेली ती भिंगाखालीच होती. त्यांनी स्टूल उंच करून दिलं, भिंग जुळवून दिलं. आधी नुसता उजेड दिसला, मग माझ्याच पापण्या, आणि मग ती. फिकट पिवळी, करंगळीहूनही लहान. डोक्यावर चार काळेभोर डोळे, डोक्याच्या मानाने भलतेच मोठे. मागच्या अंगाला दोन्हीकडे वल्ह्यांची रांग. मला वाटलं होतं किळस येईल. आली नाही.

“जन्मभर चिखलात राहिली,” मी म्हटलं, “एकदाची वर आली, तर नेमके तुम्ही जाळं घेऊन उभे.”

“हो.”

“त्या पोरीचं म्हणणं खरं आहे?”

“शंभर टक्के.”

“मग खरं तेच लिहा. दोन वर्षं टाकीपाशी काढली आहेत तिने. उगाच माझ्यापायी खोटं नको.”

“तुला वाईट वाटेल.”

“वाटतंय की. वाटू दे.” मी डोळा न काढताच बोलत होते, ते बरं होतं. “माझं नाव आता मोकळं झालं म्हणायचं. उद्या कोणीही आपल्या छबीला देऊन टाकील.”

“नाही, नाही,” हे घाईघाईने म्हणाले. “तसं नसतं. ते यादीत चिखल्याच्या खाली राहतं, वापरात नसलं तरी. आणि या घराण्यातल्या दुसऱ्या कुठल्याही किड्याला ते पुन्हा देता येत नाही. मला नाही, कोणालाच नाही. नियमच आहे तसा.”

“कधीच नाही?”

“कधीच नाही.”

हसू येत होतं की रडू, ते मला अजूनही सांगता येणार नाही. भिंगाची काच तेवढी धूसर झाली. मी पदराने ती पुसायला गेले तर हे ओरडले, तसली काच कपड्याने पुसत नाहीत म्हणून. ते ओरडल्यावर मला जरा बरं वाटलं.

“सरका बाजूला,” मी म्हटलं. “उजेड अडतोय. मला तिला नीट बघू द्या.”